दाढ आणि डबल बेल

पोरीची दाढ किडलीय हे मला एका रविवारी कळलं. ते काही मी तिचे दात घासत होते म्हणून नाही, ती भाकरी एकाच बाजूनं चावत होती म्हणून. तिचे दात रोज तीच घासते. म्हणजे मी तिच्या हातात ब्रश देते, कुकर लावते, डबा भरते आणि तिकडून ओरडते, "घासले का?" ती आतून "हो" म्हणते. साडेचार वर्षांच्या पोरीच्या त्या "हो"वर मी आठवड्यातले सहा दिवस विश्वास ठेवत होते, कारण दुसरं काही करायला वेळ नव्हता. त्या रविवारी मोबाईलची बॅटरी लावून तोंडात पाहिलं, तर खालच्या डाव्या दाढेवर मिऱ्याएवढा काळा ठिपका होता.

मी तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. इतकी दमलेली होते की आधी राग आला आणि तो कुणावर काढायचा ते ठरेना. मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधली खोट शोधायची आणि त्याला लाल स्टिकर लावायचा, हे माझं काम. केसाएवढी चीर माझ्या नजरेतून सुटत नाही असं सुपरवायझर सांगत असतो. त्याला माझ्या घरची दाढ दाखवायला हवी होती.

आमच्या घरात तिघंच. मी, पोरगी आणि माझे सासरे. ती त्यांना आबा म्हणते, म्हणून आता मीही आबाच म्हणते. तिचे बाबा पुण्याला असतात, पंधरा दिवसांनी येतात आणि मधल्या दिवसांत फोनवरून सल्ले देतात. आबा एसटीत कंडक्टर होते. पैठणच्या रस्त्यावर त्यांची उभी हयात गेली. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी कुठूनही निघताना ते एकदा मागं वळून बघतात, कुणी राहिलं का म्हणून.

माझी सकाळ त्यांच्यामुळंच निभते. कंपनीची बस सव्वासातला गारखेड्याच्या आमच्या कोपऱ्यावर येते. पोरगी त्याच्या जरा आधी उठते आणि मला चप्पल घालताना पाहिलं की पायाला मिठी मारून जे रडते, ते तिसऱ्या मजल्यावरून खाली गेटपर्यंत ऐकू जातं. म्हणून ती दीड वर्षाची होती तेव्हाच आम्ही एक व्यवस्था लावली. माझी चप्पल आणि पर्स दाराबाहेर, जिन्यात. आबा तिला कडेवर घेऊन बाल्कनीत जायचे आणि समोरच्या पाण्याच्या टाकीकडं बोट करून म्हणायचे, "तिकडं बघ, पारवे आलेत, बघ किती." ती तिकडं वळली की ते किल्लीनं ग्रीलवर दोनदा वाजवायचे, टण टण. एसटीत कंडक्टरनं डबल बेल दिली की ड्रायव्हर गाडी सोडतो. इथं गाडी मी. दाराचा आवाज न करता सटकायची. संध्याकाळी आल्यावर आबा सांगायचे, "दोन मिनिटं रडली, मंग गप. लई शहाणी हाय." मी पुढं काही विचारायची नाही. तीन वर्षं आम्ही दोघं आमच्या या हुशारीवर खूश होतो.

तर दाढ. ज्याला त्याला सांगितलं, तो म्हणाला, दुधाचे दात, पडणारच आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, पुण्याहून फोनवर तिचे बाबा म्हणाले, आबा तर हसलेच. "पडणाऱ्या दाताला कशाला डाक्टर? नवा येतोच की." खरं सांगते, मलाही ते पटवून घ्यायचं होतं. आठवडाभराचं पाणी भरायचं, धुणं, सोमवारच्या डब्याची भाजी, त्यात दवाखाना कुणाला हवाय. पण संध्याकाळी तिनं भाकरीचा तुकडा तोंडातून काढून ताटात ठेवला आणि म्हणाली, "ही टोचते." भाकरी कुठं टोचते? मी फोन घेतला.

गारखेड्यातच, भाजीच्या गाड्या लागतात त्या रस्त्यावर, लहान मुलांच्या दातांच्या एक डॉक्टर आहेत. त्यांनी मला पुढच्या शनिवारची वेळ दिली आणि म्हणाल्या, "आठ दिवस आहेत, तर बच्चीला तयार करून आणा."

मला वाटलं, ब्रश करून आणा म्हणतायत.

"तसं नाही. सगळं खरं सांगून आणा. दुखणारच नाही असं सांगू नका, कारण बघितल्याशिवाय मलाही माहीत नाही. आणि आईस्क्रीम खायला जातोय म्हणून तर अजिबात आणू नका. लोक आणतात तसं. पोराला एकदा कळलं की आई खोटं बोलली, की तोंड बंद. मग ते कुणाच्या बापाला उघडत नाही."

"आणि नाहीच उघडलं तर?"

"कीड वरवर असेल तर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. तोंडच उघडलं नाही तर ती आत जाणार. मग मोठ्या दवाखान्यात बेशुद्ध करून करावं लागतं."

एवढीशी पोरगी, अजून झोपेत अंगठा चोखते, तिला बेशुद्ध करायचं. आणि ते टाळायचं तर एकच उपाय, तिनं माझ्यावर विश्वास ठेवून तोंड उघडायचं. म्हणजे दाढेचं सगळं माझ्यावर आलं. झालं, अजून एक काम, असं म्हणून मी कणीक मळायला घेतली.

काम सोपं नव्हतं, कारण गेली दोन वर्षं आम्हीच तिला डॉक्टरची भीती घातली होती. जेव, नाहीतर डॉक्टर सुई देतील. झोप, नाहीतर डॉक्टरांना फोन लावते. मीही बोललेय, खोटं कशाला सांगू. त्याच रात्री जेवताना आबा म्हणाले, "गपचिप खा, नाय तर दातावाला डाक्टर दाढ उपटील." मी भाजीची पळी पातेल्यात आपटली. "आबा, हे आजपासून बंद. एकही धमकी नको आणि एकही खोटं नको." त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मला लगेच वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही बसून राहावं लागतं. मी उठून भांडी घासायला घेतली.

मग आमची तयारी सुरू झाली. संध्याकाळी साडेसहाला घरात शिरलं की चहाच्याही आधी. आबांची टेकायची प्लास्टिकची खुर्ची झाली दवाखान्याची खुर्ची, स्टीलचा चमचा झाला आरसा, मोबाईल झाला दिवा. आधी ती डॉक्टर झाली. माझ्या तोंडात चमचा घालून तिनं दात मोजले, एक, दोन, तीन, पाच, आठ. मग म्हणाली, "आई, तुझ्या दाढेत चांदी आहे." मी तिला खरं सांगितलं. मी शाळेत असताना दाढ दुखली, तेव्हा घरच्यांनी बूट घ्यायला जाऊ म्हणून नेलं आणि दवाखान्यात बसवलं. दाढ किती दुखली ते मला आठवत नाही. बूट मिळाले नाहीत हे अजून आठवतं.

"मग तू रडलीस?"

"लई रडले."

तिला ते आवडलं. मिक्सरचा आवाज ऐकवून मी मशीनची ओळख करून दिली. तोंडात पाणी सोडतात, ते नळीनं ओढून घेतात, हेही सांगितलं. दुखेल का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, थोडं दुखेल किंवा नाही दुखणार, मला माहीत नाही, पण दुखलं तर हात वर करायचा. रोज खेळ संपला की ती एकच प्रश्न विचारायची, "तू तिथंच असशील?" मी म्हणायचे, तिथंच असणार, कुठं जाणार? ती माझ्याकडं बघत राहायची आणि मग खुर्चीवरून उतरायची. मला वाटायचं, आता झोप आलीय तिला.

शुक्रवारपर्यंत पोरगी इतकी तयार झाली होती की शेजारच्या काकूंना तोंड उघडायला लावून तपासून आली. मी कंबर धरून पलंगावर आडवी झाले आणि मनाशी म्हटलं, चला, एक तरी गोष्ट धड झाली माझ्या हातून. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, "दाढ तुमची?" मुलीची म्हटल्यावर म्हणाला, "दुधाचेच ना दात?" मी अर्ज त्याच्या टेबलावर ठेवला आणि निघाले.

डॉक्टर माझ्याच वयाच्या निघाल्या. डोक्यावर स्कार्फ, आवाज बारीक. म्हणाल्या, "मला आपा म्हण, सगळी पोरं तेच म्हणतात." पोरगी स्वतःहून खुर्चीवर चढली, आरसा हातात घेऊन बघितला, नळीत बोट घातलं. मला अगदी मिरवल्यासारखं झालं. डॉक्टरांनी विचारलं, "गोड किती खाते?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. "दुधातसुद्धा साखर घालत नाही मी. चॉकलेट तर घरात येऊच देत नाही."

पोरगी माझ्याकडं बघत होती. डॉक्टरांनी खुर्ची हळूच मागं कलती केली, दिवा लावला आणि छताकडं बोट केलं. छतावर रंगीत मासे काढलेले होते. "आता वर बघ बेटा, मासे आलेत, बघ किती."

पोरीनं तोंड मिटलं. नुसतं मिटलं नाही, दोन्ही हात त्यावर दाबले आणि मान वळवून माझ्याकडं डोळे लावले. वर बघेच ना. डॉक्टर म्हणाल्या, तो नारंगी मासा बघ. मी म्हणाले, अगं बघ ना, किती छान. तशी ती खुर्चीवरून घसरत खाली आली आणि माझा कुर्ता मुठीत धरून उभी राहिली. रडत नव्हती. ओठ मात्र असे आवळलेले की पांढरे पडले होते.

माझा ताबा सुटला. आठ दिवस, कामावरून आल्यावर, पाय दुखत असताना, चहा न पिता मी हे केलं होतं. तिला दंडाला धरून मी दाबलेल्या आवाजात म्हणाले, "काय ठरलं होतं आपलं? हेच शिकवलं का मी?" ती हललीही नाही. माझ्या डोळ्यांपुढं तो मोठा दवाखाना आला आणि ते बेशुद्ध करणं.

डॉक्टरांनी मला हातानंच थांबवलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. "दुखेल म्हणून भीती वाटते?" तिनं मान हलवली, नाही. "मशीनची?" नाही. "मासे आवडले नाहीत?" तिनं माझ्या कुर्त्यात तोंड घातलं आणि म्हणाली, "तिकडं बघितलं की आई जाते."

"कुठं जाते?"

"कंपनीत. आबा म्हणतात पारवे बघ. मग टण टण होतं. मग आई नसते. मग आबा गोळी देतात."

"कसली गोळी?"

"लिमलेटची. एक संपली की दुसरी. रडणं थांबेपर्यंत."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, ते मला जास्त लागलं. तीन वर्षं, आठवड्यातले सहा दिवस, मी जिना उतरत असताना ही पोरगी रडं गिळून गोळ्या चोखत होती, आणि मी साखर न घातलेल्या दुधाचा पेला दाखवत फिरत होते. लाज वाटली. दाढेवरचा तो काळा ठिपका मीच केला होता.

"आता तुम्हीच बोला तिच्याशी," डॉक्टर म्हणाल्या.

मी फरशीवर बसले. आठ दिवस सगळं खरं सांगत होते, एवढं एक सोडून. म्हणाले, "मी रोज तुझ्यापासून लपून जाते. तुला रडताना बघवत नाही म्हणून. चुकलं माझं ते."

"मला माहितीये," ती म्हणाली. "मी पारवे बघत नाही. नुसतं तिकडं तोंड करते."

मला तिथं बसवेना आणि उठवेना. डॉक्टरांनीच तोड काढली. म्हणाल्या, "आई खुर्चीत झोपेल, तू तिच्या अंगावर झोप. मग आई जाईल कशी?" पोरीनं विचार केला. मग माझ्या ओढणीचं टोक मागून घेतलं आणि आपल्या मनगटाला गुंडाळून दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. मी कलत्या खुर्चीत आडवी झाले, ती माझ्या पोटावर, डोकं माझ्या छातीवर. "मासे नको बघू," डॉक्टर म्हणाल्या, "हवं तर डोळे मीट." तिनं डोळे मिटले नाहीत. दर थोड्या वेळानं ओढणीला एक हिसका देऊन बघायची.

मशीन लागलं तेव्हा ती रडली. रडली, पण तोंड उघडं ठेवून रडली. तिच्या डोळ्यांचं पाणी माझ्या गळ्यावर उतरत होतं. एकदा हात वर केला, डॉक्टर लगेच थांबल्या, नळीनं तोंडातलं पाणी ओढून घेतलं, पुन्हा सुरू केलं. कीड वरवरच होती. मासे मी पाहिले. त्यातल्या नारंगी माशाचा डोळा काढायचा राहिला होता.

घरी येताना स्कुटीवर मी आबांसाठी बोलणी तयार करत होते. एकेक शब्द निवडून ठेवला होता. ते खाली गेटपाशीच उभे होते. पोरीनं तोंड उघडून भरलेली पांढरी दाढ दाखवली आणि काकूंना दाखवायला वर पळाली.

"आबा, तुम्ही तिला रोज गोळ्या देता?"

"व्हय," ते म्हणाले. लपवलं नाही. "गाडीत लेकरं रडायची, वकायची. खिशात गोळ्या ठेवायचो. एक दिली की बिडकीनपर्यंत गप बसायचं लेकरू. तीच सवय." मग म्हणाले, "तू जायचीस बाई. रडणं मलाच ऐकावं लागायचं. म्या म्हातारा माणूस, काय करू?"

तीन वर्षं मी कामावर पोचत होते ती या माणसाच्या खिशावर, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "दुधाचे दात हैत म्हणलं. दाढ सडंल हे ध्यानातच नाय आलं."

सोमवारी मी चप्पल घरात आणून तिच्यासमोर घातली. म्हणाले, "मी कंपनीत चाललेय. साडेसहाला येणार." तिनं पायाला मिठी मारली आणि आभाळ फाटल्यासारखी रडली. आबांचा हात खिशाकडं गेला आणि रिकामा परत आला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिचं रडणं मला तिन्ही मजले ऐकू आलं, गेटपाशी आलं, बसमध्ये बसल्यावरही येत होतं. त्या दिवशी मी दोन खराब पार्ट पास केले. मंगळवारी तेच. बुधवारी आबा दाराआड येऊन म्हणाले, "बाई, लपून जात जा. मला नाय ऐकवत." मी म्हणाले, मलाही नाही ऐकवत. आणि चप्पल घातली. कितीदा मनात आलं की पारवे बरे होते. इतकं दमायला मला कामानंही कधी झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रडणं थोडं कमी झालं. मग एका सकाळी ती रडली नाही. दारात उभी राहून माझ्या चपलेचा पट्टा लागेपर्यंत बघत राहिली.

"साडेसहाला?"

"साडेसहाला."

ती वळली आणि बाल्कनीकडं गेली. स्टूल ओढलं, खिळ्यावरची किल्ली काढली आणि ग्रीलवर वाजवली. टण टण. तिची पाठ पारव्यांकडं होती, तोंड माझ्याकडं. "जा," ती म्हणाली.

मी दार ओढलं, दोन पायऱ्या उतरले आणि तिसरीवर बसले. रुमाल पर्समध्ये होता, तो काढायचंही सुचेना. खाली कोपऱ्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला, थोडी थांबली आणि गेली. दाराची फट तशीच राहिली होती, त्यातून माझी पाठ दिसत असावी. आतून तिचा आवाज आला, "आबा, डबल बेल दिली तरी गाडी का सुटंना?"